नापार्कला (उत्तर अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन आणि रिफॉर्म्ड प्रोटेस्टंट चर्चांची परिषद) पन्नास वर्षं झाली, तरी विलीनीकरण का नाही? (वाद इथेच घाला, ग्रुपवर नको)

मिरजेचा_पाहुणा
परवा ग्रुपवर कोणीतरी टाकलेली पोस्ट अजून डोक्यातून जात नाहीये. म्हणे नापार्क 1975 ला पिट्सबर्गमध्ये सुरू झाली, सगळ्यांचे मतांगीकार (विश्वासाचे लेखी जाहीरनामे) जवळपास तेच, तरी पीसीए वेगळी, ओपीसी वेगळी (दोन्ही अमेरिकेतली प्रेस्बिटेरियन चर्च), डच वळणाची रिफॉर्म्ड चर्च वेगळी, हा नुसता अहंकार, नागपुरात 1970 ला अनेक चर्च एक होऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली त्यांच्याकडून शिका.
अहो, नापार्क म्हणजे लग्न जुळवायचं ऑफिस नाही. तिथले ठराव सल्ल्यापुरते, कुठल्याच सभासदावर बंधनकारक नाहीत, हे घटनेतच आहे. कामं बघा ना. ओपीसीची मंडळी (स्थानिक चर्च) असलेल्या गावात पीसीएला नवी मंडळी काढायची तर आधी त्यांच्याशी बोलायचं, असा करार 1984 पासून आहे, आणि एकमेकांनी केलेल्या शिस्तीच्या कारवाईचा मान ठेवायचा, हेही ठरलेलं आहे. संडे स्कूलची पुस्तकं पीसीए-ओपीसी मिळून काढतात, लष्करातले चॅप्लन (सैनिकांचे पाळक) एकाच कमिशनमार्फत जातात. आणि सीएनआयचं कौतुक मला सांगू नका, अमेरिकन मेथॉडिस्ट ऐनवेळी बाहेरच राहिले की, आणि आमच्या जिल्ह्यात एका मंडळीच्या कंपाउंडची केस आजोबांच्या वेळेपासून कोर्टात आहे. एकी म्हणे!

जर्सीकर_सुहास
"कोणीतरी" म्हणजे मी. नाव घ्यायला जीभ झिजत नाही.
इतिहास अर्धाच सांगितलात. 1982 ला आरपीसीईएस (आणखी एक प्रेस्बिटेरियन चर्च) पीसीएत आली, म्हणजे मनात असलं की जमतं. ओपीसीला पण बोलावणार होते, तर 1981 ला पीसीएच्याच प्रेस्बिटऱ्यांनी (विभागीय सभांनी) आडकाठी केली. मग 1986 ला दुसऱ्यांदा दार उघडलं तर ओपीसीच्या असेंब्लीत (सर्वोच्च सभेत) दोन-तृतीयांश मतं पडली नाहीत. त्यानंतर काही मंडळ्या आपणहून उठून पीसीएत गेल्या, लोकांना कळतं ते पुढाऱ्यांना कळत नाही.
आणि सहकार्याचं म्हणाल तर कॅनडात बहिणीकडे गेलो होतो तेव्हा रविवारी नापार्कमधल्याच एका मंडळीत बसलो. प्रभुभोजनाच्या आधी मंडळीचे एक वडील (म्हणजे निवडलेले कारभारी) वाकून कानात म्हणाले, तुमच्या मंडळीचं शिफारसपत्र आणलंय का? माझा बाप्तिस्मा, सभासदत्व सगळं रीतसर, पण ताट माझ्यासमोरून शेजाऱ्याकडे गेलं. बहीण वर बघेना. हे तुमचं देणंघेणं.

मिरजेचा_पाहुणा
मग पत्र न्यायचं होतं! प्रभुभोजनाचं मेज राखणं वडिलांचं कामच आहे. पाहुणा म्हणून गेलात की घरमालक म्हणून?

वडगावची_मावशी
भांडा तुम्ही. सीआरसीचं (डच वळणाचं ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्च) नाव दोघांनी घेतलं नाही, ते का बरं? स्थापनेच्या पाचांतली ती एक. 1995 ला बायकांना वडील-पाळक होऊ दिलं आणि काही वर्षांत बाहेरचा रस्ता. सल्ल्यापुरती संस्था ना? मग काढायला बरे दात आले! माझ्या आईने तीस वर्षं संडे स्कूल घेतलं, सेशनच्या (वडिलांच्या मंडळाच्या) मीटिंगला चहा पण तीच करायची, आत बसायला मात्र कधी खुर्ची नाही.

मिरजेचा_पाहुणा
मावशी, तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण मतांगीकाराचा पायाच हलला तर एकत्र कशावर बसायचं?

पेटीवाला
पायाबिया सोडा हो, खरी गोम गाण्यात आहे. यूआरसी आणि कॅनेडियन रिफॉर्म्ड, दोन्ही डच वळणाची चर्च, एक व्हायला निघाले होते, एकत्र गीतपुस्तकाची कमिटी पण बसली. स्तोत्रांच्या जुन्या जिनिव्हाच्या चाली कॅनेडियनांना सोडवेनात, यूआरसीला पेलवेनात. शेवटी यूआरसीने 2018 ला पुस्तक काढलं ते ओपीसीबरोबर. आणि आरपीसीएनएवाले (नापार्कमधलंच आणखी एक प्रेस्बिटेरियन चर्च) तर नुसती बायबलमधली स्तोत्रंच गाणार, तीही पेटी-ऑर्गनशिवाय. आमचे ना. वा. टिळक (ख्रिस्ती भजनांचे कवी) त्यांच्या उपासनेत चालणारच नाहीत!

फक्त_स्तोत्रे
चालणार नाहीत, बरोबर. टिळक मोठे कवी, घरी रोज गा, कोण नको म्हणतंय. उपासनेत देवाने दिलेलंच गायचं, हे सोळाव्या शतकापासूनचं आहे, आम्ही काल काढलेलं नाही.

पेटीवाला
150 वं स्तोत्र वाचलंय का? डफ, झांजा, तंतुवाद्यं, सगळं आहे त्यात!

फक्त_स्तोत्रे
जुन्या करारातल्या मंदिरात बैलही कापायचे. आणताय का रविवारी?

पेटीवाला
अहो, आमच्याकडे म्हाताऱ्या बायकांना अक्षरओळख नव्हती, त्यांना येशू कळला तो अभंगाच्या चालीतून, तबल्याच्या ठेक्यावर. तुम्ही एसी हॉलमध्ये बसून त्यांची उपासना बाद ठरवणार!

फक्त_स्तोत्रे
बाद कोणी ठरवली? चुकीची म्हणालो. आणि आमच्याकडे एसी नाही.

वडगावची_मावशी
माझ्या प्रश्नाला उत्तर नाहीच मिळालं. सवय आहे म्हणा.

जर्सीकर_सुहास
बरं पाहुणे, 1984 च्या कराराचा मुद्दा दिला तुम्हाला. आमच्या भागात दोन मंडळ्या एकमेकींच्या अंगणात उभ्या राहिल्या नाहीत ते त्यामुळेच असेल, घ्या. पुढच्या महिन्यात परत कॅनडा आहे, आमच्या मंडळीच्या क्लार्कना (चिटणिसांना) त्या पत्रासाठी मेल टाकून तीन आठवडे झाले. तुमची ओळख असेल तर जरा टोचा त्यांना.

मिरजेचा_पाहुणा
नाव मेसेज करा. पण पेटीवाल्यांना बरोबर नेऊ नका.