‘ससेप्टिबल’ पेशी : संवेदनशील, प्रवण की ग्राही?

तापीकाठ (भुसावळ) :
बी.एस्सी.च्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतेय. डेंग्यूच्या विषाणूला कोणत्या प्राण्याच्या पेशी किती ‘ससेप्टिबल’ असतात, एवढंच सांगायचंय. ‘संवेदनशील’ लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. माकडाच्या मूत्रपिंडातून आलेल्या व्हेरो, हॅमस्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडातल्या बीएचके-२१, डासाच्या सी६/३६. प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशींना कसली आलीय संवेदना?

केळीबाग (रावेर) :
ताई, केळीवर सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) आला की आम्ही म्हणतो, ‘हा वाण रोगाला बळी पडतो.’ संवेदनशील फक्त घडीपत्रिकेत असतं. ‘बळी पडणाऱ्या पेशी’ लिहा, मुलांना लगेच कळेल.

तापीकाठ :
भाऊ, कळेल, पण चुकीचं कळेल. सी६/३६ मध्ये डेंग्यू भरपूर वाढतो आणि तरी पुष्कळदा पेशी धडधाकट दिसतात. चमकणारा रंग जोडलेली प्रतिपिंडं टाकून बघितल्यावरच विषाणू आत आहे हे समजतं. बळी गेलंच नाही कोणी.

पांझराकाठ (धुळे) :
मग ‘प्रवण’? अवर्षणप्रवण तालुका आपल्याला नवा नाही.

तापीकाठ :
संस्कृतात प्रवण म्हणजे उताराचा, एका बाजूला कललेला. गणितातली प्रवणता तीच. ‘अपघातप्रवण वळण’ म्हटलं की तिथे अपघात वारंवार होतात, एवढंच समजतं. का होतात, ते नाही. मला ते ‘का’ सांगायचंय.

चोपडेकर (सध्या पुणे) :
उशिरा आलो. घोळ शब्दाचा कमी, कल्पनेचा जास्त आहे. विषाणूशास्त्रात दोन वेगळे शब्द आहेत. ‘ससेप्टिबल’ म्हणजे विषाणू जिच्यात शिरू शकतो ती पेशी. ‘परमिसिव्ह’ म्हणजे शिरल्यावर त्याला वाढू देणारी. अहिराणीत सांगतो : पाव्हना घरमा उना, पन जेवना नही. शिरणं वेगळं, पाहुणचार वेगळा.

नमुना बघा. राजी नावाच्या मानवी पेशी आहेत, १९६३ मध्ये नायजेरियातल्या एका मुलाच्या लिम्फोमापासून (लसिकापेशींच्या कर्करोगापासून) वाढवलेल्या. गंमत अशी की राजी डेंग्यूला राजी नसतात! पण त्यांच्या पृष्ठभागावर डीसी-साइन हे प्रथिन बसवलं की विषाणू आत जातो आणि चांगला वाढतो. म्हणजे चूल आधीपासून पेटलेली होती, दाराला कडी होती. या पेशींना नुसतं ‘प्रतिकारक’ म्हटलं तर अर्धी गोष्ट हरवते.

म्हणून माझं मत ‘ग्राही’ला. विषाणू ज्याला चिकटतो त्या रेणूलाही मराठीत ग्राहीच म्हणतात, त्यामुळे पेशीला ‘विषाणुग्राही’ म्हटलं की कारणही शब्दातच येतं. ‘परमिसिव्ह’ पेशीला ‘वाढपोषक’ म्हणून बघा.

पांझराकाठ :
वाढपोषक ऐकून युरियाची गोणी डोळ्यापुढे आली.

चोपडेकर :
मान्य, जरा खतासारखा आहे. दुसरा सुचेपर्यंत चालवा.

आणि ताई, सी६/३६ आलंच आहे तर मुलांना हेही सांगा. तिची मूळ पेशीमालिका पुण्याची. तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रात सिंग यांनी १९६७ साली एडिस अल्बोपिक्टस डासाच्या अळ्यांपासून ती वाढवली. १९७८ मध्ये जपानच्या इगाराशींनी तिच्यातून हा क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढवलेली शाखा, निवडला. विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय धागा) कातरून टाकणारी पेशींची यंत्रणा त्यात बिघडलेली आहे, म्हणून डेंग्यू तिथे इतका फोफावतो. हे दाराचं नाही, आतल्या राखणदाराचं काम.

रुग्णाच्या रक्तातून विषाणू वेगळा काढायला व्हेरोपेक्षा सी६/३६ सरस मानतात. तिथे मात्र ‘संवेदनशील’ बरोबर, कारण ते चाचणीचं विशेषण आहे : थोडा विषाणू असला तरी सापडतो.

केळीबाग :
म्हणजे चाचणी संवेदनशील, पेशी ग्राही. आणि बळी पडते ती आमची केळी.

तापीकाठ :
‘विषाणुग्राही’ लिहिलं. ‘वाढपोषक’ला पेन्सिलीनं कंस केलाय.