कमी रनिंग म्हणजे चांगली गाडी? मला पटत नाही

गोदाकाठचा:
मेहुण्यासाठी सेकंड हँड गाडी बघतोय. एकाच मॉडेलच्या दोन मिळाल्यात, दोन्ही २०१७ च्या, पेट्रोल, एमएच १५, म्हणजे नाशिक पासिंग. सिडकोतली ३८ हजार चाललेली. दुसरी ९२ हजार, बहुतेक मुंबई हायवेवर पळालेली, पण सर्व्हिसची पावती न् पावती जपलेली. पहिलीचे पाऊण लाख जास्त मागतायत. मी दुसरीच घेईन. हायवेला टॉप गिअरमध्ये एका लयीत चालणाऱ्या इंजिनाची झीज कमी होते. द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये रोज हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून सरकणाऱ्या गाडीचं मीटर फिरत नाही, क्लच मात्र जळतो.

पंचवटीकर:
दादा, मुंबई हायवे म्हणजे कसारा घाटही आला. शिवाय सस्पेन्शन, व्हील बेअरिंग हे किलोमीटरनेच झिजतात, पावत्यांनी नाही. आणि मेहुणे तीन-चार वर्षांनी विकायला काढतील तेव्हा काय? लाख किलोमीटरच्या पुढचा आकडा ऐकला की गिऱ्हाईक गाडी बघायलाही येत नाही. बाजार जो भाव देतो तोच खरा.

गोदाकाठचा:
आकडा खरा असेल तर ना! काल सिडकोवाली नीट पाहिली. ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. चारही टायरवर ११२०, म्हणजे २०२० च्या अकराव्या आठवड्यात बनलेले. गाडीसोबत आलेले कंपनीचे टायर साधारण ४० हजार तरी जातात. मग ते तीनेक वर्षांत संपले आणि पुढे गाडी जागची हललीच नाही? गाडी नंबरवरून सर्व्हिस सेंटरची हिस्टरी मागितली, तर मालक टोलवाटोलवी करतोय. मीटर मागे घेतलंय असा माझा दाट संशय आहे, आणि त्याच आकड्याचे पाऊण लाख मागतायत याची चीड येते.

निफाडची ताई:
डिझेल बघत असाल तर आणखी जपा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरलेल्या गाडीत तो तापतच नाही, फिल्टर चोंदतो आणि बदलायचा खर्च जबर असतो. तिथे कमी रनिंगवर खूश होण्यात अर्थ नाही.

पंचवटीकर:
टायरचा मुद्दा मान्य, सिडकोवाली सोडाच. पण म्हणून ९२ हजारवाली आपोआप चांगली ठरत नाही. ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन जा, खडबडीत रस्त्यावर चालवून खालचे आवाज ऐका. क्लच आणि सस्पेन्शनचा खर्च भावातून कापून मागा. मालक ऐकत नसेल तर तिसरी बघा.