नारळ उभा राहिला की आपला विश्वास का बसतो?

ओसाडमाळ

माण तालुक्यात आमची 6 एकर कोरडवाहू जमीन आहे. गेल्या वैशाखात तिथे पाचवी बोअर घेतली. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तरीही पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, बांधावरून चालत होता तेव्हा (नारळ उभा राहतो तिथे पाणी, असं मानतात) त्याच्या तळहातावरचा आडवा नारळ उभा होईपर्यंत मी श्वास रोखून पाहत होतो. उभा राहिला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. 420 फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला.

पाचही जागा पाणाड्यानेच दाखवलेल्या. त्यातल्या एकाच बोअरला चांगलं पाणी लागलं, आणि घरात गोष्ट सांगितली जाते ती तिचीच: अडीच इंच पाणी कसं उसळलं, गाडीवरची पोरं कशी भिजली. बाकीच्या चारांसाठी कारणं तयार असतात. मशीन दहा फूट बाजूला लावलं, घरात सुतक होतं, अजून पन्नास फूट जायला हवं होतं. नारळ चुकला असं आमच्याकडे कोणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मला वाटतं हा अडाणीपणा नाही. मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने ट्रोब्रियांड बेटांवरच्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय: शांत खाजणात मासे धरताना ते मंत्रतंत्र करत नसत, खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळे विधी पाळत. शेतकरी पेरणीची खोली ठरवायला कुणाला नारळ धरायला लावत नाही, ते त्याला कळतं. जमिनीखालचं दिसत नाही, कर्ज तर काढून झालेलं असतं, आणि कुठेतरी बोट ठेवावंच लागतं. ते बोट दुसऱ्याने ठेवलं की रात्री झोप लागते. तुम्हाला काय वाटतं?

चिकित्सक

सर, विश्वास का बसतो हे समजणं वेगळं आणि तो चालू द्यावा का हे वेगळं. तुमच्या लिहिण्यात दुसरा प्रश्न हरवलाय.

जर्मनीत म्युनिकजवळ 1987-88 मध्ये याची मोठी चाचणी झाली. सुमारे 500 पाणाड्यांमधून सर्वांत चांगले 43 निवडले. एका कोठारात तळमजल्यावर पाण्याचा पाइप जागा बदलून ठेवायचा आणि वरच्या मजल्यावरून त्यांनी तो ओळखायचा. 843 वेळा हे केलं. बहुतेकांचे अंदाज चिठ्ठ्या टाकल्यासारखेच निघाले. प्रयोग करणाऱ्यांचं म्हणणं होतं की मोजक्या काही जणांना खरंच जमतं. पण 1999 मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा दिसलं की ज्याला एकदा जमलं त्याला पुन्हा तसं जमत नव्हतं.

नारळ उभा राहतो तो हाताच्या बारीक हालचालीने, धरणाऱ्यालाही ती कळत नाही. म्हणून पाणाड्या लबाड असतोच असं मी म्हणत नाही. पण बोअर कोरडी गेली की कर्ज शेतकऱ्याच्या नावावर राहतं, नारळाच्या नाही.

बांधावरून

चिकित्सक भाऊ, जर्मनीतल्या कोठारात पाइप शोधणं आणि आमच्या माळावर पाणी शोधणं एक नाही. तिथे ना ओढा, ना उंबर, ना वारूळ. आमचा पाणाड्या आधी अर्धा तास नुसता फिरतो, शेजारच्या विहिरींना कुठे काय लागलं ते विचारतो. तीस वर्षं पंधरा गावांच्या बोअरी बघितलेला माणूस आहे. पाणी लागल्याशिवाय पैशाला हात लावत नाही.

पाणी शोधायचं मशीनवालं सर्वेक्षणही मी करून घेतलंय. कागदावर रंगीत रेघा आल्या, पैसे आधी घेतले आणि 380 फूट कोरडं गेलं. मग पुराव्याचा माणूस कोणता म्हणायचा? पाणाड्याच्या जागेवर माझी बाग उभी आहे, डाळिंबाची. येऊन बघा.

भूजलवाला

याच कामात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टचा, म्हणजे आपला काळा पाषाण. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, सच्छिद्र थरांत आणि फटींत. मधला घट्ट पाषाण जवळजवळ कोरडाच. त्यामुळे खोल गेलं म्हणजे पाणी लागतंच असं नाही. उलट ओढ्याकाठी, सखल भागात कुठेही बोअर घेतली तरी थोडंफार लागतं. म्हणून पाणाड्याच्या किती बोअरींना पाणी लागलं एवढ्याने काही ठरत नाही. त्याच शिवारात त्याला न विचारता घेतलेल्या किती बोअरींना लागलं, तेही हवं. तो आकडा कुणी ठेवत नाही.

बांधावरून दादांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं. उंबर, वारूळ, ओढ्याचं वळण ही निरीक्षणं आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर भूगर्भातल्या पाण्यावर एक अख्खा अध्याय आहे, त्यात अशीच झाडं आणि वारुळं येतात. ती लक्षणं तपासून बघता येतात, खोटी निघाली तर सोडता येतात. नारळाला तसं काही विचारता येत नाही. आणि आमचं विद्युतरोध सर्वेक्षण, म्हणजे जमिनीत वीज सोडून तिला किती अडथळा होतो ते मोजणं, शक्यता सांगतं, हमी देत नाही. हमी म्हणून कुणी विकलं असेल तर फसवणूक तीही आहे.

सुगंधा_पायाळू

मी पायाळू जन्मले, म्हणजे जन्मताना पाय आधी. पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं असं आमच्या भागात मानतात. सातव्या वर्षापासून मला लोकांच्या रानात अनवाणी चालवायचे. मागे बायाबापड्या, पुढे मोकळं रान. कुठेतरी थांबावंच लागायचं. पायाला गार लागलंय असं मी सांगायचे. खोटं बोलत नव्हते हो, मला खरंच गार लागायचं. एवढे लोक तुमच्या पायांकडे बघत असले की लागतं.

दोन विहिरींना पाणी लागलं आणि माझं नाव झालं. तिसरी एका विधवा काकूंची. त्यांनी पाटल्या मोडल्या होत्या. विहीर कोरडी गेली. मला कुणी बोललं नाही, पोर मोठी झाली, गुण गेला, एवढंच म्हणाले. काकूही तेच म्हणाल्या आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

आज पन्नाशी ओलांडली. त्या शेतावरून एसटी जाते तेव्हा मी खिडकीबाहेर बघत नाही. सरांचं खरं आहे, लोकांना कुणीतरी बोट ठेवणारं हवं असतं. पण ते बोट ज्याचं असतं, त्याचं काय होतं हे कुणी विचारत नाही.

चिकित्सक

सुगंधाताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझं मत तेच आहे. पण मी आजवर फसवणारा आणि फसणारा एवढीच माणसं धरून बोलत होतो. त्यात तुम्ही कुठेच बसत नाही.

ओसाडमाळ

ताई, धन्यवाद. भूजलवाला म्हणतात तो आकडा निदान आमच्या गावापुरता ठेवायचा असं ठरवलंय. हिवरे बाजारला गावकरी पावसाचं माप घेऊन पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि पिकं त्यावरून ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायलाच तिथे बंदी आहे. आम्ही तिथपर्यंत कधी पोचू माहीत नाही. सध्या एक वही घातली आहे. मशीन यायच्या आधी लिहायचं: जागा कुणी दाखवली, किती फुटांवर किती इंच सांगितलं. मग काय लागलं ते. कुणाला न विचारता घेतलेल्या बोअरीही त्यात येतील.

बांधावरून

सर, आमच्या गावचीही वही घालतो. माझ्या दोन लिहितो, 2016 आणि 2019. दोन्ही पाणाड्यानेच दाखवलेल्या, दोन्ही कोरड्या. वर मी त्या सांगितल्या नव्हत्या. लिहिताना आठवल्याच नाहीत.