मदत हवी आहे: ग्रामसभेच्या ठरावात ‘ओला दुष्काळ’ लिहावं का?

आमच्या गावात (जि. धाराशिव) एकाच शब्दावरून दोन गट पडलेत. सप्टेंबर 2025 च्या पुरात सोयाबीन सडलं, जमीन खरवडून गेली. एक गट त्याला ‘ओला दुष्काळ’ म्हणतो. दुसरा म्हणतो, केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेत हा शब्दच नाही, तिथं दुष्काळ म्हणजे पावसाची तूट. तेही खरंय. पण सगळं पीक गेलेल्या माणसाला व्याख्या ऐकवणं मला पटत नाही. त्याला दुष्काळ जाहीर झाल्यावर मिळतात त्या सवलती हव्या असतात: कर्जवसुलीला स्थगिती अन् पोरांची परीक्षा फी माफ.

दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून पाहिलं, उपयोग झाला नाही. अतिवृष्टीचा दिवसाला 65 मिलिमीटर पावसाचा निकष आणि मदतीसाठी 33 टक्के पीक नुकसानीची अट माहीत आहे, ते सांगू नका. ग्रामसभेच्या ठरावात ‘ओला दुष्काळ’ लिहावं, की ‘अतिवृष्टी’ लिहून सवलती एकेक नावानं मागाव्यात? तुमच्या गावानं काय लिहिलं?