‘सामाईक’, ‘समान’ की नुसतं ‘सारखं’? डीएनए जुळणीच्या शब्दांबद्दल

पाटीपुस्तक
डीएनए चाचणीवरून नातेवाईक कसे शोधायचे, यावरच्या एका पुस्तिकेचं मराठी करते आहे. ‘मॅच’ला ‘जुळणी’ केलं, तिथे अडचण आली नाही. अडले ते ‘शेअर्ड’पाशी. हा शब्द मुळात तीन ठिकाणी येतो. दोन माणसांमधला शेअर्ड डीएनए, दोघांचा शेअर्ड पूर्वज, आणि शेअर्ड मॅच, म्हणजे डीएनए जुळणाऱ्या माणसांच्या माझ्या यादीतही आहे आणि तुमच्या यादीतही आहे असा तिसरा माणूस. संपादकांचं म्हणणं, तिन्हीकडे ‘सामाईक’ घाला. वाचायला नीटनेटकं होतं खरं, पण मला कुठेतरी टोचतंय आणि नक्की काय ते सांगता येत नाही. शिवाय ‘रिलायबल मॅच’ला ‘विश्वासार्ह जुळणी’ चालेल का?

जुळारी
‘जुळणी’ हा आमच्या छपाईच्या धंद्यातला शब्द, म्हणून आधी त्याबद्दल. छपाईच्या अक्षरांचे खिळे आपोआप जुळत नाहीत, कोणीतरी ते जुळवतो. भाग सुटे असतात, त्यांची जुळणी केली जाते. ‘जुळणं’ आपोआप होऊ शकतं, ‘जुळणी’त मात्र करणारा हात गृहीत असतो. तुमच्या विषयात हा हात संगणकाचा. म्हणून शब्द उत्तम निवडलात. वाचकाच्या मनात हे राहायला हवं की समोर दिसतंय ते निसर्गाने दिलेलं प्रमाणपत्र नाही, एका प्रोग्रॅमने ठरवलेलं आहे. आणि जुळणीत मुद्रणदोष राहतात, हे आमच्याइतकं कोणाला माहीत असणार!

सूत्रधारिणी
जनुकशास्त्र शिकवते, म्हणून थोडं लांबीने लिहिते.

‘सामाईक भिंत’ म्हणजे एकच भिंत, मालक दोन. ‘सारखी भिंत’ म्हणजे भिंती दोन, दिसायला एकसारख्या. या विषयातला सगळ्यात मोठा घोळ नेमका या दोन शब्दांमध्ये आहे. दोन माणसांच्या गुणसूत्राचा एखादा तुकडा एकाच पूर्वजाकडून उतरत आला असेल तर तो सामाईक. योगायोगाने अक्षरं जुळली असतील तर तो नुसता सारखा. इंग्रजीत या दोहोंना वेगळ्या संज्ञा आहेत. ‘शेअर्ड’ म्हटलं की दोन्ही एकाच पिशवीत जातात, आणि संपादकांचं ऐकलंत तर मराठीतही जातील.

योगायोग इतका सोपा का, हे समजून घ्या. या चाचण्या अख्खा डीएनए वाचत नाहीत, साधारण सहा-सात लाख ठिकाणं तपासतात. प्रत्येक ठिकाणी दोन अक्षरं मिळतात, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. पण कोणतं कोणाकडचं, हे चाचणी सांगत नाही. माझ्याकडे एका ठिकाणी ‘ए’ आणि ‘जी’ असतील, तर समोरच्याचं ‘ए’ असो की ‘जी’, तिथे आम्ही जुळतोच. प्रोग्रॅम असा ठिकाणामागून ठिकाण पुढे सरकतो. एकदा माझ्या आईचं अक्षर घेतो, पुढच्या ठिकाणी वडिलांचं, परत आईचं. नागमोडी चालत चालत तो एक लांब पट्टा तयार करतो, आणि तसा सलग तुकडा माझ्या एकाही पूर्वजाकडे कधी नव्हता!

लहान तुकड्यांत हे सर्रास होतं. २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आई-वडील आणि मूल अशा तिघांची माहिती एकत्र ठेवून पडताळणी केली होती. २ ते ४ सेंटीमॉर्गनच्या (तुकडे मोजायचं हे एकक) तुकड्यांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक खोटे निघाले. मुलाशी जुळणारा माणूस त्या जागी ना आईशी जुळत होता, ना वडिलांशी. अशा चाचण्या करणाऱ्या अॅन्सेस्ट्री या कंपनीने २०२० मध्ये यादीची खालची मर्यादा ६ वरून ८ सेंटीमॉर्गनवर नेली, त्यामागेही लहान जुळण्यांचा हाच प्रश्न. १५ च्या पुढचा तुकडा बहुधा खरा असतो. ७-८ च्या आसपासच्यावर वंशावळ उभी करू नये.

तर माझी सूचना: पूर्वज ‘सामाईक’ ठेवा. डीएनएच्या तुकड्याला, सिद्ध होईपर्यंत, ‘जुळणारा तुकडा’ म्हणा. जास्त काही म्हणू नका.

पाटीपुस्तक
टोचत होतं ते हेच! एक उपप्रश्न. सेंटीमॉर्गनला मी ‘लांबीचं एकक’ लिहिलंय. बरोबर?

सूत्रधारिणी
सोयीपुरतं. खरं तर ती शक्यता आहे. गुणसूत्रावरच्या दोन जागांमध्ये एका पिढीत अदलाबदल होण्याची शक्यता सुमारे १ टक्का असेल, तर त्यांच्यातलं अंतर १ सेंटीमॉर्गन. टॉमस हंट मॉर्गन यांच्या नावावरून हाल्डेन यांनी १९१९ मध्ये हे एकक सुचवलं. माणसात ते सरासरी दहा लाख अक्षरांएवढं भरतं, पण गुणसूत्राच्या काही भागांत अदलाबदल कमी होते, काही भागांत जास्त, त्यामुळे फूटपट्टीसारखं वापरता येत नाही. ‘अंतराचं एकक’ लिहा.

आठवा माळा
मी यातला तज्ज्ञ नाही, पोळलेला आहे. तुमच्या तिसऱ्या ‘शेअर्ड’बद्दल बोलतो, कारण त्याने माझे सहा महिने खाल्ले.

माझ्या यादीत एक बाई आणि एक गृहस्थ होते. दोघं माझ्याशी जुळत होते, आणि एकमेकांशीही. मी म्हटलं, झालं, तिघांचा पणजोबा एक! कागद काढले, जन्मनोंदी काढल्या, तक्ता रंगवला. पुढे कळलं की बाई माझ्या मामेबहिणीच्या पातळीवरच्या, म्हणजे माझ्या आईच्या बाजूच्या. ते गृहस्थ त्या बाईंच्या आईकडून बाईंचे नातेवाईक, आणि ती बाजू माझी कोणीच नाही. मग ते माझ्याशी का जुळले? माझ्या वडिलांच्या बाजूने, लांबून. तीन माणसं, तीन जोड्या, तीन वेगळे पूर्वज. आणि यादीत मात्र सुबक त्रिकूट.

म्हणून याला ‘सामाईक जुळणी’ मुळीच म्हणू नका. वाचक तिथेच तिघांना एका झाडाला टांगून मोकळा होईल. मी टांगलं होतं.

जुळारी
‘उभयजुळणी’ कसं वाटतं?

पाटीपुस्तक
बेडूक आठवतो हो.

जुळारी
मान्य. शब्द मागे घेतो.

वेलांटी
दोन माणसांची ‘कॉमन ओळख’ असते, तसं हे आहे. तुमचा मित्र माझाही मित्र निघाला म्हणून आपण तिघं एका वर्गात होतो असं होत नाही. त्यामुळे संज्ञा घडवण्याच्या भानगडीत न पडता ‘दोघांच्याही यादीत असलेली व्यक्ती’ असं सरळ लिहावं. चार शब्द जास्त जातील, गैरसमज एक कमी होईल. प्रत्येक इंग्रजी संज्ञेला एकाच शब्दाचं मराठी रूप हवं, हा हट्टच मला कळत नाही.

बाकी ‘ट्रायअँग्युलेशन’चं काय केलंत? भूमापनात ‘त्रिकोणन’ रूढ आहे.

सूत्रधारिणी
रूढ आहे म्हणूनच मला भीती वाटते. भूमापनात एक बाजू आणि कोन मोजले की त्रिकोण पक्का होतो, त्यात मतभेदाला जागा नाही. इथे ‘त्रिकोण’ म्हणजे तीन माणसं एकाच गुणसूत्रावर एकाच जागी आपसांत जुळतात, एवढंच. नुसत्या यादीपेक्षा हा पुरावा कितीतरी चांगला, यात शंका नाही. पण ‘एकाच जागी’ हे शब्दही फसवे आहेत. प्रत्येक गुणसूत्राच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक माणूस माझ्या आईकडच्या प्रतीशी जुळेल, दुसरा बरोबर त्याच जागी वडिलांकडच्या प्रतीशी. पडद्यावर पट्ट्या एकाखाली एक दिसतील आणि दोघांचा परस्परांशी काडीचा संबंध नसेल. म्हणून त्या दोघांची एकमेकांशी, त्याच जागी, थेट तुलना झाली पाहिजे. ती न करता ‘त्रिकोण जमला’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

‘त्रिकोणन’ वापरा, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘तिघांची, एकाच जागी, परस्पर जुळणी’ असं फोडून सांगा. ‘परस्पर’ गाळू नका, सगळा भार त्याच्यावर आहे. आणि तुकडे लहान असले तर त्रिकोणही खोटा असू शकतो.

वेलांटी
आता ‘विश्वासार्ह’. माणूस विश्वासार्ह असतो, बातमी खात्रीलायक असते, पुरावा ग्राह्य असतो. जुळणी कशात बसते? मला वाटतं पुराव्यात. पण मूळ लेखकाला ‘रिलायबल’ म्हणजे नक्की काय म्हणायचंय? जुळणी खरी आहे, की तिच्यावरून सांगितलेलं नातं खरं आहे? दोन वेगळे प्रश्न वाटतात.

सूत्रधारिणी
वेगळेच आहेत, आणि बहुतेक लोक दुसऱ्यात फसतात.

समजा जुळणी शंभर टक्के खरी आहे. जुळणाऱ्या तुकड्यांची एकूण बेरीज ८५० सेंटीमॉर्गन. ‘शेअर्ड सीएम प्रोजेक्ट’ म्हणून लोकांनी दिलेल्या आकड्यांचा एक संग्रह आहे. त्यात ज्यांचे आजी-आजोबा एक, अशा चुलत, मावस, मामे, आते भावंडांची सरासरी ८६६, पण टोकं ३९६ आणि १३९७! पणजोबा-पणजी एक असलेल्यांची सरासरी २२९, टोकं ४१ आणि ५९२. म्हणजे ४५० आला तर दोन्ही बसतात. १७५० च्या आसपास आजोबा-नातू, आत्या-भाचा, आई किंवा वडील एकच असलेली सावत्र भावंडं सगळेच येतात, नुसता आकडा त्यांच्यात फरक करत नाही. म्हणून ‘जुळणी खरी’ आणि ‘नातं ठरलं’ ही दोन वाक्यं कधी एका श्वासात लिहू नयेत.

उलट बाजूही लिहा. खापरपणजोबा एक असलेल्या दहा जोड्यांमागे साधारण एक जोडी अजिबात जुळत नाही. आणखी एक पिढी मागे गेलं की जवळपास निम्म्या जोड्या. ‘जुळत नाही’ म्हणजे ‘नातं नाही’ नव्हे.

आठवा माळा
गंमत बघा, इंग्रजीत सगळे ‘कझिन’. चुलत, मावस, मामे, आते काही कळत नाही. बेरीजही तशीच मुकी. मराठीत आपल्याला चार शब्द आहेत पण डीएनए विचारतो कुठे!

सूत्रधारिणी
एका ठिकाणी विचारतो. एक्स गुणसूत्र! मुलाला ते फक्त आईकडून मिळतं. त्यामुळे दोन सख्ख्या भावांची मुलं, म्हणजे दोन चुलतभाऊ, एक्सवर त्या नात्याने जुळूच शकत नाहीत. मावसभाऊ जुळू शकतात. मामेभाऊ नाही, कारण मामा आपलं एक्स मुलाला देतच नाही, मुलीला देतो. म्हणजे मामेबहीण जुळू शकते. तक्त्यात ‘चुलतभाऊ’ लिहिलंय आणि एक्सवर लांबलचक खरा तुकडा जुळतोय, तर नातं आणखी कुठूनतरी आहे. इथे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा जास्त कामाचा आहे. ‘कझिन’चं भाषांतर ‘चुलत’ असं सरसकट केलं असेल, तर कृपया आज रात्रीच शोधून बदला.

पाटीपुस्तक
केलंय. सरसकट. एकोणीस ठिकाणी.

ठरवलेलं लिहिते. पूर्वज सामाईक. तुकडा जुळणारा, आणि आई किंवा वडिलांच्या चाचणीत तो पुन्हा दिसला तरच ‘वारशाने आलेला’. शेअर्ड मॅच म्हणजे दोघांच्याही यादीतली व्यक्ती. ‘विश्वासार्ह’ काढून एकीकडे ‘खरी जुळणी’, दुसरीकडे ‘नात्याचा पुरेसा पुरावा’. नागमोडी पट्ट्यांसाठी ‘फसवी जुळणी’ ठेवते, ‘खोटी’ म्हटलं की कोणीतरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

‘फेजिंग’ राहिलं. अक्षरं आईकडची कोणती, वडिलांकडची कोणती, ती वेगळी काढणं.

जुळारी
‘बाजू लावणे’. छापखान्यात पानांच्या बाजू लावाव्या लागतात, नाहीतर घडी घातल्यावर पाचव्या पानानंतर बारावं येतं.

पाटीपुस्तक
घेतला. ‘चुलत’ शोधायला बसते.