विषय: आईचा अपघात – 19 तारखेच्या आत रिलीजवर सही करायची का?

मेघना:
मंडळी, तातडीचं आहे. अपघातात आईच्या मनगटाला लागलं, हे बहुतेकांना माहीतच आहे. तिच्या ॲप-टॅक्सीला मागून धडक दिलेल्या गाडीच्या इन्शुरन्सचा ॲडजस्टर, म्हणजे दावा हाताळणारा माणूस, रोज फोन करतोय. रक्कम देतो म्हणतो, पण रिलीजवर, म्हणजे ‘पुढे काही मागणार नाही’ असं लिहून देणाऱ्या कागदावर, सही आई जायच्या आत हवी. तिची फ्लाइट 19 ला. ती परत गेली की काहीच मिळणार नाही, असं तो सांगतो. राइड माझ्या अकाउंटवरून होती, गाडीत ती एकटीच. सही करू का?

श्रीकांतकाका:
मेघना, सही अजिबात नको. कॅलिफोर्नियात अशा दाव्याला 2 वर्षं असतात. व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाचाही हक्क तेवढाच, देश सोडला म्हणून तो बुडत नाही. शिवाय राइड चालू असताना ॲपवाल्या कंपनीचं 10 लाख डॉलरचं कव्हर असतं. मी माझ्या अपघाताच्या वेळी पहिल्याच आठवड्यात सही करून मोकळा झालो. खांद्याचं दुखणं तीन महिन्यांनी वर आलं, तेव्हा कोणाकडे मागायची सोय उरली नव्हती.

अनघा:
काका, तो 10 लाखांचा आकडा इथे लागत नाही. मेघना त्यावर विसंबून राहील म्हणून लगेच लिहितेय. ते कव्हर राइडच्या ड्रायव्हरची चूक असेल तेव्हाचं. इथे चूक मागच्या गाडीची आहे, आणि त्या माणसाची पॉलिसी कायद्याने लागते तेवढीच असेल तर एका जखमीमागे 30,000 डॉलर. त्याहून जास्त खर्च झाला तर ॲपच्या अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हरकडे जायचं, म्हणजे चूक करणाऱ्याचा विमा अपुरा पडला तर लागणारं कव्हर. तेही पूर्वी 10 लाख होतं, पण कॅलिफोर्नियाच्या एसबी 371 कायद्यामुळे 1 जानेवारी 2026 पासून माणशी 60,000 वर आलंय. आईंचा अपघात गेल्या महिन्यातला, म्हणजे नवा आकडा.

मेघना, म्हणून त्या कागदाचे शब्द नीट वाच. ‘अमुक ड्रायव्हर आणि इतर सर्व व्यक्ती व कंपन्या’ असं लिहिलेलं असेल, तर एका सहीत ॲपच्या कव्हरवरचा हक्कही जातो. कॅलिफोर्नियाच्या सिव्हिल कोडमधल्या सेक्शन 1542 चा हक्क सोडतो, अशी ओळही बहुधा असेल. आज माहीत नसलेल्या दुखापतीसाठी पुढे मागण्याचा हक्क त्या कलमाने राखलेला असतो. मनगटाचं उद्या ऑपरेशन करावं लागलं तर? रेकॉर्डेड स्टेटमेंटही देऊ नकोस. तुझ्या स्वतःच्या कार पॉलिसीत मेडिकल पेमेंट्स (चूक कोणाचीही असो, उपचाराचा खर्च देणारं कव्हर) आहे का, आणि भेटीला आलेली आई त्यात बसते का, तेही पॉलिसी काढून बघ.

सचिव:
सदस्यांनी वकिलांची नावं आपल्या ईमेल लिस्टवर टाकू नयेत. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर कार्यकारिणीने तसं ठरवलं आहे. कोणत्याही वकिलाचं लायसन्स स्टेट बारच्या (वकिलांना लायसन्स देणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या) साइटवर तपासता येतं. असे प्रश्न आधी मदत समितीकडे यावेत, ही विनंती.

विद्या:
सचिवसाहेब, इथे कोणीच नाव टाकलेलं नाही. गेल्या वर्षीचा वाद जाहिरातीचा होता.

आणि मदत समितीबद्दल बोलायचं तर मी गेले होते. राइडमध्ये ड्रायव्हर माझ्याशी जे वागला ते सांगितल्यावर ‘आता सोडून दे’ एवढंच ऐकायला मिळालं. ॲपकडे तक्रार केली तर भाड्याचे पैसे परत आले, विषय संपला. अटींमध्ये आर्बिट्रेशन (कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे जाणं) आहे, म्हणजे कोर्टाचा रस्ता बंद, असं मी धरून चालले. मार्च 2022 च्या फेडरल कायद्यानंतर लैंगिक छळाच्या किंवा अत्याचाराच्या दाव्यात ती अट पीडित व्यक्तीवर लादता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एकानेही सांगितलं असतं तर मी गप्प बसले नसते. असे प्रश्न सगळ्यांसमोरच यायला हवेत.

श्रीकांतकाका:
विद्या, तुझ्यावर असा प्रसंग आला हे आम्हाला माहीतही नव्हतं. फार वाईट वाटलं. मदत समितीत तेव्हा मीही होतो. पुढच्या बैठकीत हा विषय मी स्वतः मांडतो.

अनघा, आकडा मागे घेतो. पण आर्बिट्रेशनचं मेघनालाही लागेल ना? 2024 मध्ये न्यू जर्सीच्या अपील कोर्टाने ॲपच्या राइडमध्ये जखमी झालेल्या एका जोडप्याला कोर्टाऐवजी आर्बिट्रेशनकडे पाठवलं. मुलीने त्यांच्या फोनवरून जेवण मागवताना अटी मान्य केल्या होत्या, एवढ्यावरून.

अनघा:
काका, तो निकाल कॅलिफोर्नियावर बंधनकारक नाही. आणि मागच्या ड्रायव्हरशी तिचा कसलाच करार नाही, त्यामुळे त्याच्यावरच्या दाव्यात ती अट आडवी येत नाही. ॲपवर दावा करायची वेळ आली, तर ‘अटी मुलीने मान्य केल्या, आईने नाही’ हा मुद्दा वकिलाला पहिल्याच फोनवर सांगायचा. पहिली भेट बहुधा फुकट असते. पैसे मिळाले तर त्यातला तिसरा हिस्सा ते 40 टक्के वकिलाचे. मेघना, आईंची जबानी तिकडून व्हिडिओवर चालेल का, हेही तेव्हाच विचार.

मेघना:
ॲडजस्टरला आज ईमेलने कळवलं, सही करणार नाही, यापुढे लेखीच बोला. राइडची पावती आणि ड्रायव्हरच्या माहितीचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेत. पोलीस रिपोर्टचा नंबर मिळालाय, कॉपी यायची आहे. व्हिजिटर इन्शुरन्सवाले दिलेले पैसे रकमेतून परत मागणार का, हे विचारायचं राहिलंय.

विद्याताई, मी रात्री फोन करते.

एक मदत हवी आहे. हॉस्पिटलमधून एक्स-रेची सीडी आणि रेकॉर्ड आणायला आईला स्वतः सही करावी लागेल. गुरुवारी मला कामावरून निघता येत नाही. दुपारी तिला कोणी घेऊन जाईल का?