जळगावच्या प्लास्टिकवाल्यांना ट्रेनिंग सेंटर पाहिजे की माणसाला पगार?

माजी_सेटर
काल आमच्या ग्रुपवर एका कारखानदार साहेबांची लांबलचक पोस्ट आली. सार एवढंच की खानदेशच्या पोरांना काम नको, रील पाहिजेत, मशीनवर कोणी टिकत नाही, म्हणून सरकारने जळगावला सिपेटसारखं (केंद्राची प्लास्टिकचं काम शिकवणारी संस्था) सेंटर काढावं, ट्रेनिंगचा खर्च उचलावा आणि वरून सबसिडी वाढवावी. खाली सगळ्यांचे अंगठे. मी लिहिणार नव्हतो, पण रात्री झोप लागेना.

अकरा वर्षं पीव्हीसी पाइपच्या लाइनवर काढली मी. हेल्पर लागलो, ऑपरेटर झालो, मशीन लावून देणारा सेटर झालो. शिकवलं कोणी? एका म्हाताऱ्या उस्तादाने, तेही वर्षभर त्याचा डबा आणून दिल्यावर. मिक्सरमधून पावडर किती तापल्यावर उतरवायची, बॅरलचा, म्हणजे माल वितळतो त्या नळकांड्याचा, कोणता झोन किती गरम ठेवायचा, पाइपला आतून पिवळी रेघ दिसली म्हणजे माल जळू राहिला, हे सगळं नाकाने आणि डोळ्याने शिकलो. पीव्हीसी तापल्यावर जळू नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर घालतात, 2021 ला त्यातलं शिसं बंद करायचा नियम आला, कॅल्शियम-झिंकवर जायचं ठरलं, जुने आकडे चालेनात. शेठने नवीन पोती आणून टाकली आणि म्हणाले बघा जमतं का. बारा दिवस नुसतं भंगार काढलं आम्ही. तेव्हा ट्रेनिंग कोणाला आठवलं नाही. आता मी सिल्वासाला आहे, दीडपट घेतो, आणि तिकडे इथली निम्मी पोरं भेटतात. रील बघत नाहीत, नाइट करतात.

दाणावाला
मी मालक आहे, शिव्या सुरू करा. पण पाइपवाल्यांचं सगळं आम्हा चटईवाल्यांवर ढकलू नका. पाइपवाला मोठा असतो, आमचे चटई विणायचे सहा लूम आणि भंगार वितळवून दाणा करायचं एक मशीन. प्लास्टिक भंगारावरचा जीएसटी ऑक्टोबर 2021 मध्ये 5 टक्क्यांवरून थेट 18 केला तेव्हा आमच्यासाठी कोण रडलं? पैसा आधी अडकतो, सुटेल तेव्हा सुटेल.

ट्रेनिंगचं म्हणाल तर एक पोरगा आठ महिने शिकवला. दाणा ओला असला की काय होतं, जाळी कधी बदलायची, सगळं. नवव्या महिन्यात रस्त्याच्या पलीकडच्याने दीड हजार जास्त दिले, गेला. मग मी कशाला शिकवू, शेजाऱ्यासाठी? म्हणूनच म्हणतो सेंटर पाहिजे, सगळ्यांचा खर्च एका ठिकाणी. संभाजीनगरला सिपेट आहे, मान्य, पण घाट चढून गेलेला पोरगा डिप्लोमा करून चाकणला जातो, परत घाट उतरत नाही.

अहिराणी_माणूस
पगार देशात तव्हय पोऱ्या टिकी ना भाऊ. दीड हजार तुम्हीच वाढवले असते तर?

दाणावाला
वाढवले असते तर बाकी नऊ जण दुसऱ्या दिवशी दारात उभे. कधी दहा माणसांचा पगार केलाय का हो तुम्ही?

तापीकाठ
ट्रेनिंग-बिनिंग सोडा. लाईटचं बोला आधी. मे महिना, भुसावळला पारा 45 च्या वर, टाकीतलं पाणीच एवढं गरम की पाइप गार होत नाही, लाइन हळू चालवावी लागते. त्यात लाईट जाते. दहा मिनिटं गेली तर लोकांना वाटतं दहाच मिनिटांचं नुकसान. हीटर बंद झाला तरी लोखंड तापलेलं असतं, पीव्हीसी आत शिजतच राहते, काळी पडते, वायू सुटतो तो डोळ्यांना झोंबतो आणि माल पुढे ढकलणारा स्क्रू खातो. मग डाय, म्हणजे पाइपला आकार देणारा साचा, उघडा, पितळी पट्टीने खरवडा, परत जोडा, परत तापवा. आख्खी शिफ्ट गेली. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून दोनदा हेच. कितीबी ट्रेनिंग द्या, लाईट नसेल तर तो काय मंत्र म्हणेल?

नवापूरकर
शंभर टक्के. आमच्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातमध्ये. बाकावर बसल्या बसल्या राज्य बदलतं. पलीकडे लाईट पण बरी आणि बिल पण. मग उद्योगवाला अलीकडे कशाला थांबेल?

चाळीसगाव_पॅसेंजर
रडू नका, जनरेटर घ्या.

तापीकाठ
डिझेल तुम्ही भरता का? प्लास्टिक वितळवून पाइप काढणारा एक्स्ट्रुडर आहे तो, घरचा पंखा नाही.

चाळीसगाव_पॅसेंजर
मग सोलर टाका. छपरं रिकामीच आहेत की.

तापीकाठ
रात्रपाळीला सूर्य तुमच्या घरून आणू का? माहिती नसताना बोलायची सवयच लागलीय काही लोकांना. आणि सोलरवर लूम चालतात, ठीक आहे, पण हीटरचा लोड बघितलाय कधी?

चाळीसगाव_पॅसेंजर
भाषा नीट. माझ्या सासऱ्यांची डाळ मिल आहे, लोड मला नका शिकवू.

नवापूरकर
डाळ मिलचा आणि एक्स्ट्रुडरचा संबंध काय भो? डाळ लाईट गेल्यावर जळत नाही.

माजी_सेटर
झालं, धागा लाईटवर गेला. मी विचारतो, लाईट गेल्यावर ती डाय उघडतो कोण? ऐन वेळी माल बाहेर कसा काढायचा, हीटर कोणत्या क्रमाने चालू करायचे, स्क्रू गार असताना फिरवला तर काय मोडतं, हे माहीत असलेला माणूस असला तर काम दोन तासांत उरकतं. नसला की मग तुमची आख्खी शिफ्ट. तापीभाऊंनी माझाच मुद्दा लिहिलाय, त्यांना कळला नाही एवढंच.

तापीकाठ
बरं, दोन तास वाचले. तुमच्या पाया पडतो. लाईट तरी जातेच ना!

मास्तर_आयटीआय
शिकवणारा माणूस आहे म्हणून बोलतो. ॲप्रेंटिसच्या योजनेत स्टायपेंडचा 25 टक्के, महिन्याला 1500 पर्यंत, केंद्र सरकार देतं. 2024 पासून राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, बारावीला 6000, आयटीआय-डिप्लोमाला 8000, पदवीला 10000, मालकाच्या खिशातून काही नाही. मी स्वतः पोरं घेऊन एका कारखान्यात गेलो. काय शिकवलं? सहा महिने पाइपवर शिक्के मारायला लावले. एक तर रोज साहेबांच्या मुलाला शाळेतून आणायचा. सर्टिफिकेट मात्र छान, सही-शिक्क्यासकट.

दाणावाला
आणि ते पोर्टल? ओटीपी येईपर्यंत पोरगा निघून जातो. एकदा भरलं, आधारवर नाव वेगळं, बँकेत वेगळं, परत आलं. मी चटई विणू की फॉर्म विणू?

मास्तर_आयटीआय
हे मात्र खरं आहे. मान्य.

चटईवालीची_लेक
सगळे पोरं पोरं करू राहिले. माझी आई चौदा वर्षं चटईच्या कडा शिवायला जायची, नगावर पैसे. तिला दाण्याचा रंग बघून कळायचं की ही चटई दोन उन्हाळे टिकणार नाही, शेठला सांगायची पण. शेठ हसायचे. मशीनवर कधी घेतली नाही, म्हणे बायकांना जमत नाही. सेंटर काढाल तेव्हा तिच्यासारखीला आत घेणार का बाहेरच झाडायला ठेवणार?

दाणावाला
ताई, माझ्याकडे दोन बाया लूमवर आहेत. पण दाण्याच्या मशीनवर नाहीत, हेही खरं. गरम काम आहे म्हणून देत नव्हतो.

चटईवालीची_लेक
चुलीपुढे गार असतं वाटतं.

अहिराणी_माणूस
हा हा हा. आते बोला शेठ.

दाणावाला
बरं बाबा, हरलो, सगळे मालक वाईट, सेंटर नको, सबसिडी नको, आम्ही हिमालयात जातो. तेवढं एक सांगा, सेटरभाऊ, खरंच परत यायचा विचार आहे का? माझा दाण्याचा माणूस दिवाळीला गावी गेला तो आलाच नाही. इनबॉक्स बघा.

माजी_सेटर
इनबॉक्समध्ये आकडा नाही, नुसतं "या, बसून बोलू" आहे. आकडा इथेच लिहा.

दाणावाला
सगळ्यांसमोर कसा लिहू? माझे नऊ जण वाचतात हे.